खांब सी-सतरा बसलेले आहेत

प्रतापराव टेंबे खुर्चीवरून उठले आणि सभागृहाचं छत पडलं नाही.

झालं. शेवट सांगून टाकला. आता तो विसरून जा, कारण असं काही घडलेलंच नाही. सर्व संबंधितांचं यावर एकमत आहे, आणि इंदुरात मराठी माणसांचं कशावर तरी एकमत व्हायची ही पहिलीच वेळ असल्यामुळे मी त्यात मोडता घालणार नाही. प्रतापराव उठले नाहीत. पुढचं सगळं वाचताना ते बसलेले आहेत असं धरून चला. यात नुकसान झालंच तर एकट्या चारुलता काकूंचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं. त्यांना नवरा नागपूरला न्यायचा होता. लेक अंबिका तिथे असते, तिचे दिवस भरत आले होते, आणि ‘बाबा पाहिजेत’ असं ती रोज फोनवर सांगत होती.

मी वेदांत. ‘त्रिमिती’ नावाच्या ऑफिसात मॉडेलर आहे. सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खाताना कुणी विचारलं आणि मी ‘मॉडेलर’ म्हटलं, की समोरचा मला वरपासून खालपर्यंत बघतो आणि पुन्हा कीस खायला लागतो. काम असं, की इमारत बाहेर बांधण्याआधी आम्ही ती कम्प्युटरमध्ये बांधतो. नुसतं चित्र नाही. भिंतीवर क्लिक केलं की भिंत बोलते: मी विटेची, एवढी जाड, माझ्या पोटातून पाण्याचा पाइप जातो. पाइप कुठे आदळणार, वायर कुठे अडणार, सगळं आधी कळतं. त्यामुळे बांधताना चुका होत नाहीत. त्या आधीच होऊन गेलेल्या असतात.

आमचे बॉस देवेंद्र सर. पुण्याचे. इंदुरात बरीच वर्षं काढूनही पोह्यांवर शेव घालायला त्यांचा तात्त्विक विरोध आहे. ऑफिसच्या भिंतीवर त्यांनी स्टीलच्या अक्षरांत स्वतःचं वाक्य लावून घेतलंय: ‘जे मॉडेलमध्ये नाही, ते नाही.’ ती भिंत मॉडेलमध्ये नाही. ऑफिस भाड्याचं आहे.

तर परदेशीपुऱ्यात ‘मराठी मिल कर्मचारी स्नेहमंडळ’ नावाची एक संस्था आहे. मिल केव्हाच बंद पडली, कर्मचारी वर गेले किंवा पुण्याला गेले, आणि स्नेह तर बहुतेक पहिल्या वार्षिक सभेतच संपला होता. पण मंडळ आहे, आणि मंडळाचं लांबच लांब सभागृह आहे. त्यावर मजला चढवून वाचनालय करायचं ठरलं. वाचायला कोण येणार हे कुणी विचारलं नाही, नाव कुणाचं द्यायचं यावर मात्र दोन गट पडले. जुन्या इमारतीचे नकाशे कुणाकडेच नव्हते. म्हणून आम्हाला बोलावलं.

आमची पद्धत सोपी आहे. खोलीत तिपाईवर स्कॅनर उभा करायचा. तो गरगर फिरत चहूकडे लेझर फेकतो आणि जे दिसेल त्याचे लाखो ठिपके गोळा करतो. त्या ठिपक्यांवरून मॉडेल करायचं. मध्ये माणसं आली गेली तरी बिघडत नाही, कारण जे हलतं ते सॉफ्टवेअर पुसून टाकतं. हलेल तो कचरा, हलणार नाही ती इमारत.

आम्ही स्कॅनर घेऊन गेलो तो दिवस नेमका वार्षिक सभेचा निघाला. सभा सुरू झाली आणि गणसंख्या भरेना. मग आपल्या संस्थांमध्ये जे होतं ते झालं. सचिव उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले की गणसंख्येअभावी ही सभा तहकूब करण्यात येत आहे, तीच सभा अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला गणसंख्येची आवश्यकता राहणार नाही. हे वाक्य कानावर पडलं की सभासद सुटतात. सगळे एका दमात कोपऱ्यावर कचोरी खायला गेले.

अध्यक्ष गेले नाहीत. अध्यक्ष म्हणजे प्रतापराव टेंबे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर्ड, मुक्काम सुदामा नगर. घटनेत ‘त्याच जागी’ असं लिहिलंय, तेव्हा अध्यक्ष जागचा हलला तर तहकूब सभा बेकायदेशीर होते, असं त्यांचं म्हणणं. शिवाय अनुभव होता. आधीचे अध्यक्ष अशाच एका अर्ध्या तासात चहा प्यायला उठले होते. परत आले तेव्हा खुर्चीत प्रतापराव होते.

मी म्हणालो, “काका, जरा बाहेर बसता का? स्कॅन करायचंय.”

ओठ न हलवता ते म्हणाले, “सभा सुरू आहे.”

“तहकूब झाली ना?”

“तहकूबसुद्धा सुरूच असते.”

आणि ते बसून राहिले. सभागृहाच्या मधोमध, पंख्याखाली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, नजर सरळ. नाकावर माशी बसली. हलले नाहीत. स्कॅनरने सगळं घेतलं. नंतर सॉफ्टवेअरने माशी पुसली, फिरत होता म्हणून पंखाही पुसला. पंख्याची दांडी राहिली, आणि तिच्या बरोबर खाली प्रतापराव राहिले. वर दांडी, खाली काका, मध्ये थोडीशी रिकामी जागा. सॉफ्टवेअर हुशार असतं. त्याने ती जागा भरून काढली.

खांब तयार झाला.

माझ्या शेजारी बसणाऱ्या अनुश्रीने तो पहिल्यांदा पाहिला. तिने स्क्रीन मोठी केली, लहान केली, मग सरांना हाक मारली. “सर, या कॉलमला चष्मा आहे.”

“डेकोरेटिव्ह असेल,” सर म्हणाले. “जुन्या बांधकामात असतं.”

“मिशापण आहेत.”

“अनुश्री, आपल्या स्कोपमध्ये काय आहे?”

“स्ट्रक्चर.”

“फर्निचर?”

“नाही.”

“माणसं?”

“नाही सर.”

“मग तो माणूस कसा असेल?”

मी म्हणालो, “सर, मी तिथे होतो. ते टेंबे काका आहेत. माझ्याशी बोलले.”

सरांनी माझ्याकडे फार मायेने बघितलं. “वेदांत, तू डोळ्यांनी बघितलंस. स्कॅनरने लेझरने बघितलंय.”

खांबाला क्रमांक मिळाला, सी-१७. मॉडेल पुण्याला स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडे गेलं. हे गृहस्थ इंदूरला कधी आलेले नाहीत आणि येणारही नाहीत, कारण मॉडेल त्यांच्याकडे जातं. एवढ्या लांब सभागृहाला मध्ये आधार नाही याची त्यांना आधी काळजी होती म्हणे. सी-१७ दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी नव्या मजल्याचा बराचसा भार त्याच्यावर टाकला आणि खाली टीप लिहिली: ‘काम चालू असताना सी-१७ कोणत्याही परिस्थितीत हलवू नये.’

इकडे सरांनी तेच मॉडेल ‘देशातलं सर्वात अचूक मॉडेल’ अशा कुठल्याशा स्पर्धेला पाठवलं. स्पर्धेला पाठवलेलं मॉडेल गोठवतात. म्हणजे त्याला कुणी हात लावायचा नाही. हात लावून दुरुस्त केलं तर ते अचूक होतं हे सिद्ध कसं करणार?

मग एका सकाळी ठेकेदार रघुवीरचा फोन आला. “भिया, आपका पिलर किधर है?”

सर म्हणाले, तू जा. मी गेलो. रघुवीर हातात टॅबलेट घेऊन सभागृहाच्या मधोमध उभा होता. टॅबलेटवर खांब होता, समोर रिकामी खुर्ची होती. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. त्याने शांतपणे गुटख्याची पुडी फाडली.

“मतलब पिलर अंकलजी हैं।”

“हो.”

“और अंकलजी किधर हैं?”

“घरी असतील. झोपले असतील.”

“तो बुलाओ भिया! ऊपर ईंट चढ़ गई है।”

मी म्हटलं, अरे बाबा, हे छत मिलच्या जमान्यातलं आहे, काका जन्मायच्या आधीपासून उभं आहे. तो म्हणाला, “रहा होगा। हमको क्या। ड्रॉइंग में है तो है।”

मी पुण्याला रीतसर प्रश्न पाठवला: सी-१७ हा माणूस आहे का? रीतसर उत्तर आलं: मॉडेल पाहावे. रघुवीरने खुर्ची सरकवून तिथे लोखंडी जॅक लावून बघितला आणि साइटचा रोजचा फोटो मॉडेलशी ताडायला सिस्टीमवर चढवला. सिस्टीम लाल झाली. ‘विद्यमान खांबाच्या जागी अज्ञात वस्तू. काम थांबवा.’ जॅक मॉडेलमध्ये नव्हता. थोडक्यात, ज्याने छत खरंच धरलं असतं तो चालत नव्हता.

शेवटी देवेंद्र सर शाल आणि नारळ घेऊन स्वतः सुदामा नगरला गेले. सोबत मी. मला वाटलं होतं काका आम्हाला नारळासकट जिन्यावरून खाली ढकलतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. लॅपटॉपवर स्वतःला बघितलं. मग हळूच विचारलं, “म्हणजे माझ्यावर आहे?”

“काय?”

“छत.”

“टेक्निकली, हो,” सर म्हणाले.

काकांनी चष्मा पुसला. या माणसाने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या पार्सलांवर शिक्के मारण्यात घालवलं. घरी टीव्हीवर काय लावायचं हेही त्यांना कुणी विचारत नाही. तुम्ही हललात तर सगळं कोसळेल, असं त्यांना आजवर कुणी कळवलं नव्हतं, आणि हे तर लेखी होतं.

आतून चारुलता काकू चहा घेऊन आल्या. “कसलं छत? रविवारी आपली नागपूरची गाडी आहे.”

“तू पुढे हो,” काका म्हणाले. आणि सरांना, “किती वाजता यायचं?”

दहा ते सहा ठरलं. रात्री काम बंद असताना जॅक चालायचा, कारण तेव्हा फोटो काढत नसत. दुपारी मजूर जेवायला बसले की पण जॅक. जॅक काढल्यापासून काका बसेपर्यंत छताचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. आमच्याही आला होता. तो स्कोपमध्ये नव्हता.

रघुवीरने खुर्चीच्या पाठीवर लाल रंगाने सी-१७ लिहिलं आणि दोन्ही बाजूंना पिवळी पट्टी बांधली. मंडळाची चाल बदलली. प्रतापरावांना हटवा म्हणून सह्या गोळा करणारा गट एकदम गप्प झाला. अध्यक्षावर अविश्वास दाखवता येतो, खांबावर कसा दाखवणार? पुढची निवडणूक सचिवांनी बिनविरोध जाहीर करून टाकली. लोक नातवंडांना घेऊन यायचे आणि लांबून दाखवायचे. काकाही बसता बसता तयार झाले. डोळे मिटून म्हणायचे, “आज पूर्वेकडून जरा जास्त येतंय.” आणि रघुवीर खरंच वरच्या पूर्वेकडच्या विटा उचलून पश्चिमेला ठेवायचा. मग काका म्हणायचे, “हां. आता ठीक.”

स्पर्धेच्या परीक्षकांना पाठवायला सरांनी या सगळ्याचा व्हिडिओ केला. त्यात ‘डिजिटल आणि प्रत्यक्ष यांचा संगम’ असे शब्द होते. मी तो जोडून दिला. पगार त्याचाच मिळतो.

काकू रविवारच्या गाडीने गेल्या नाहीत. तिकीट पुढच्या आठवड्यावर टाकलं आणि रोज डबा घेऊन यायला लागल्या. पट्टी ओलांडायची परवानगी नव्हती, म्हणून पलीकडून बोलायच्या.

“अहो, अंबू वाट बघतेय. डॉक्टर म्हणाले, आता कधीही.”

“अगं पण छत...”

“घरी मोरीचं छत दोन पावसाळे गळतंय. ते नाही धरलंत कधी.”

“ते मॉडेलमध्ये नाही.”

काकूंनी डबा माझ्या हातात दिला. “तू शिकलेला आहेस ना रे? मोठमोठ्या बिल्डिंगा उभ्या करता तुम्ही लोक. एक म्हातारा खुर्चीतून उभा करता येत नाही?”

मी म्हणालो, “काकू, मॉडेल गोठवलंय.”

“मग उन्हात ठेव.”

काकांना सोडता येईल का, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, सेंटिमेंटल होऊ नकोस.

आणि मग तो दिवस आला, ज्या दिवशी काही झालं नाही. मजूर वर काम करत होते, म्हणजे जॅक नव्हता. छतावर विटांची रास, वाळू, पाण्याचे पिंप. काकू पट्टीपलीकडून ताटलीत भात कालवत होत्या. त्यांचा फोन वाजला. नागपूर. जावयाचा आवाज आला, गेला, पुन्हा आला. “...झालं... दोघी... बाबांना द्या, अंबिका...” काकूंनी हात लांब करून फोन दिला. काका ओरडायला लागले, “हॅलो? अंबू? हॅलो? बोल बेटा!” त्या सभागृहात नेटवर्क फक्त रस्त्याकडच्या खिडकीत येतं. हे सगळ्यांना माहीत आहे.

काका उठले.

उठले आणि चालत गेले. पिवळी पट्टी पोटाने तोडून, फोन कानाला लावून, रेल्वेचा माणूस सुटत्या गाडीमागे जातो तसे तरातरा. रघुवीरने वर बघितलं, डोक्यावरचं हेल्मेट दोन्ही हातांनी धरलं आणि बाहेर सडकेवर पळाला. वर मजुराने धपकन विटांचं घमेलं आपटलं. मी डोळे मिटले, आणि मग कसं दिसतं ते बघावं म्हणून उघडले.

चुन्याचा कणही पडला नाही. त्या छताला आमच्या मॉडेलची खबरच नव्हती.

“मुलगी?” काका खिडकीत उभे राहून विचारत होते. “मुलगी झाली? नाक कुणासारखं आहे? फोन तिच्या तोंडाशी धर. रड, रड, तू रड बेटा, मी ऐकतोय.” त्यांचा स्वतःचा आवाज पार फुटला होता. मंडळाच्या कुठल्याही सभेत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं.

फोन कट झाला. काका हसत हसत वळले, आणि तिथून त्यांना ती खुर्ची दिसली. सभागृहाच्या मधोमध, रिकामी. त्यांनी मान वर केली. छत होतं तिथेच होतं. रिटायर झाल्यावर जुन्या ऑफिसात सहज चक्कर मारणारा माणूस आपल्या टेबलाकडे बघतो ना, तसं ते छताकडे बघत राहिले. टेबल चालू असतं. दुसरं कुणी तरी शिक्के मारत असतं.

हसू गेलं. ते भराभर परत आले, तुटलेल्या पट्टीचं एक टोक उचलून मांडीवर घेतलं आणि बसले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

“मुलगी झाली,” त्यांनी काकूंना सांगितलं.

काकूंच्या हातातला भात तसाच होता. “उठलात की हो तुम्ही!”

“मी? कधी?”

“आत्ता! खिडकीपर्यंत गेलात!”

“भलतंच काय बोलतेस. मी उठलो असतो तर छत राहिलं असतं का?”

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी रघुवीरकडे बघितलं, तो दारातून डोकं आत घालत होता. “हमने तो कुछ नहीं देखा भिया,” तो म्हणाला, आणि ते खरंही होतं. मी सरांना फोन लावला. सरांनी विचारलं, “मॉडेलमध्ये तो कुठे आहे?” मी म्हणालो, बसलेला. सर म्हणाले, “मग?”

मी काकांच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, “काका, चला ना. काही होत नाही. तुम्ही बघितलंत.”

ते ओठ न हलवता म्हणाले, “तू माझ्या पायावर उभा आहेस.”

मी त्यांच्या पायावर उभा नव्हतो. पण ज्या सुरात ते म्हणाले, त्यानंतर मी बाजूला झालो. तेवढ्या माणसांमध्ये खरं काय ते फक्त त्यांनाच पुरतं कळलं होतं, आणि ते दाबून ठेवायची सगळ्यात जास्त गरजही त्यांनाच होती.

काकूंनी ताटलीतला भात डब्यात परत भरला, झाकण लावलं. “बरं,” त्या म्हणाल्या. “नाही उठलात.”

रविवारी त्या एकट्या नागपूरला जाणार आहेत. जायच्या आधी ऑफिसात आल्या, देवेंद्र सरांनी पाणी विचारलं ते घेतलं नाही, आणि माझ्या टेबलाशी बसून म्हणाल्या, “लिही. तुमच्या भाषेत लिही, माणसांची भाषा तुम्हाला समजत नाही.” त्या सांगत गेल्या, मी टाइप करत गेलो. तो अर्ज असा:

प्रति,
मा. प्रमुख, त्रिमिती, इंदूर
विषय: खांब क्र. सी-१७ यांस नातीच्या बारशाकरिता रजा मिळणेबाबत

महोदय,

मी वरील खांबाची लग्नाची बायको आहे. सदर खांब माझ्या माहितीप्रमाणे जेवतो, घोरतो, व नातीचा रडण्याचा आवाज फोनवर ऐकून स्वतःही रडतो. हे गुणधर्म आपल्या मॉडेलमध्ये नोंदलेले दिसत नाहीत. नागपूर येथे नातीचे बारसे योजिले आहे. नाव आत्याच ठेवणार आहे, परंतु बाळास मांडीवर घेण्यासाठी आजोबांची आवश्यकता आहे. खांब पाठवून चालणार नाही.

तरी सदर खांबास बारशापुरते भारमुक्त करावे, तो उठला असता छत पडत नाही ही गोष्ट त्यास कोणीही सांगू नये, आणि तो परत येईपर्यंत त्याच्या खुर्चीवर, विटांच्या राशीखाली, दहा ते सहा या वेळेत, आपण स्वतः बसावे, ही नम्र विनंती.